नरसिंहरावांचे एकशे बावन्न पौंड

"एक पौंड पिसं जड, की एक पौंड सोनं?"

बावीस वर्षांपूर्वी मी जयनगरातल्या या घरात राहायला आले तेव्हाची गोष्ट. माझ्या ट्रंका अजून टेम्पोतच होत्या, आणि शेजारच्या फाटकातून एका उंच, ताठ गृहस्थांनी मला हा प्रश्न टाकला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी तीस वर्षं नाटक कंपनीत काढलेली बाई. समोरच्यानं इतका झोकात प्रवेश घेतला की त्याला त्याचं पुढचं वाक्य मिळालं पाहिजे, एवढं मला कळतं.

"सारखंच की," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. "चुकलात! पिसं जड. सोन्याचा पौंड वेगळा, बारा औंसांचा. तीनशे त्र्याहत्तर ग्रॅम. पिसं साध्या पौंडानं मोजायची, सोळा औंसांच्या. चारशे चोपन्न ग्रॅम. मी नरसिंहराव हंचाटे, वजनमाप खातं. इथं पाणी सकाळी सहाला येतं."

"अहो, त्यांना आधी कॉफी तरी विचारा," आतून आवाज आला. त्या शालनअक्का, त्यांच्या पत्नी.

कॉफी आली. तेव्हापासून आजपर्यंत त्या घरची कॉफी आणि तो पौंड, दोन्ही मी नियमित घेत आले आहे.

हंचाट्यांचं घराणं चार पिढ्यांपासून बेंगळूरचं. मूळ धंदा कापड रंगवण्याचा. घरात मराठी, पण तिला कन्नडची फोडणी. नरसिंहराव मात्र रंगात हात न घालता सरकारी नोकरीत गेले आणि पस्तीस वर्षं वजनमाप निरीक्षक होते. दुकानादुकानांत जायचं, तराजू तपासायचा, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर जप्त करायचा. आमच्या नाटकात राजा येण्याआधी भालदार-चोपदार ललकारी द्यायचे. नरसिंहराव बाजारात यायचे तेव्हा केळीवाल्यांत शिट्टी व्हायची, आणि दोन मिनिटांत एरवी किलोवर जाणारी निम्मी केळी डझनावर विकली जायला लागायची. कुणाचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. खांद्याला स्वतःचा थर्मास असायचा.

या सचोटीची शिक्षा झाली ती शालनअक्कांना. बाजारात सगळ्या बायकांना भाजीवर कढीपत्त्याची काडी फुकट मिळायची, मिरच्या वर पडायच्या. शालनअक्का समोर आल्या की भाजीवाला श्वास रोखून मोजायचा. काटा मध्यावर आला की एक बीनची शेंग काढायचा, अर्धी मोडून परत टाकायचा. "पस्तीस वर्षं संसार केला नीरजाक्का," त्या मला म्हणायच्या, "पण कढीपत्ता विकत घेऊन."

आता त्या पौंडाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पौंड आपल्याकडे व्यापारातून जाऊन साठएक वर्षं झाली. कायदा किलोचा. नोकरीच्या सुरुवातीला नरसिंहरावांनी स्वतः पौंडाची लोखंडी वजनं पोत्यांनी जप्त केली होती. पण कँटोन्मेंटमधलं एक कुटुंब देश सोडून निघालं तेव्हा त्यांच्या सामानाच्या विक्रीत यांना माणसाचं वजन करायचा एक विलायती काटा दिसला. पांढरा, चपटा, वर गोल काच, आत पौंडांचे आकडे. नरसिंहरावांनी तो घेतला आणि न्हाणीघराच्या दाराशी ठेवला. घरात स्वतःचं वजन कशातही करावं, त्याला कायद्याची हरकत नाही, असं त्यांनी मला कलमासकट समजावलं होतं. दर सोमवारी सकाळी अंघोळीआधी ते त्यावर उभे राहायचे आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात आकडा जाहीर करायचे. आमच्याकडे तिसरी घंटा व्हायची, त्यांच्याकडे "एकशे पन्नास!" व्हायचं.

त्या काचेवर दोन अक्षरं होती: एल आणि बी. पौंडात ना एल आहे ना बी. मग पौंड लिहिताना इंग्रज ही अक्षरं का लिहितो? हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता तर तो अंघोळ करून विसरला असता. नरसिंहराव वाचनालयात गेले आणि तिथला सर्वांत जाड कोश मागितला. तीन रविवार त्यांनी त्या एका शब्दाला दिले.

तिथं त्यांना सापडलं ते असं. रोमन लोक म्हणायचे 'लिब्रा पोंडो'. लिब्रा म्हणजे तराजू, आणि तराजूवरचं एक ठरावीक वजनसुद्धा. पोंडो म्हणजे वजनानं. 'एक लिब्रा, वजनानं.' त्या पोंडोच्या मुळाशी लोंबणं, टांगणं आहे, कारण टांगल्याशिवाय तोलता येत नाही. पुढं उत्तरेकडच्या लोकांनी बोलताना लिब्रा टाकला आणि पोंडो ठेवला, त्याचा झाला पौंड. लिहिताना मात्र लिब्राची अक्षरं तशीच ठेवली. म्हणजे तोंडानं एकाचं नाव घ्यायचं आणि कागदावर दुसऱ्याचं. इंग्रजांचा पैसा पौंड का, तर मुळात तो एक पौंड चांदी होता. "चांदी गेली, नाव राहिलं," नरसिंहराव म्हणायचे. मला आमच्या कंपनीतले म्हातारे राजे आठवायचे. राज्य केव्हाच गेलेलं, पण मुकुट काढायला तयार नाहीत.

कोशात पौंड आणखी दोन होते. एक कुटण्या-ठोकण्याचा, एक मोकाट गुरं कोंडण्याच्या कोंडवाड्याचा. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं कोशानं स्पष्ट म्हटलं होतं. एका घरात तीन भाडेकरू, उच्चार सारखा, कूळ वेगळं. शालनअक्कांनी हे सगळं दळण निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाल्या, "कोंडवाडा तेवढा मला समजला. बाकीचं तुम्हीच समजून घ्या."

पण नरसिंहरावांना खरा आनंद झाला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. लिब्रा म्हणजे तराजू, म्हणजेच आपली तूळ रास. आणि आपल्याकडेही जुन्या काळी 'तुला' हा तराजूही होता आणि शंभर पळांचं वजनही. समुद्राच्या दोन्ही काठांवर माणसांनी तोलायच्या वस्तूचंच नाव तोललेल्या वस्तूला दिलं होतं. "शालन, तो इंग्रज बिचारा पौंड लिहायला जातो आणि तुला लिहून बसतो!" ते ओरडले होते.

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या होत्या. "आज भाजी काय करू?"

असा हा माणूस. कधी कुणाचं वाईट केलं नाही, फक्त सगळं बरोबर करत राहिला.

गेल्या ऑगस्टमध्ये नरसिंहरावांना न्यूमोनिया झाला. शहात्तराव्या वर्षी तो हसण्यावारी न्यायचा आजार नाही. दहा दिवस ते अतिदक्षता विभागात होते. त्यांचा मुलगा संतोषकुमार बेळ्ळंदूरला राहतो, एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो रोज रिंगरोडच्या गर्दीतून दोन तास येऊन दोन तास परत जायचा. शालनअक्का बाहेरच्या बाकावर बसून असायच्या आणि मी त्यांच्या शेजारी. सहाव्या दिवशी दुपारी डॉक्टर काही न बोलता आमच्यासमोरून निघून गेले. तेव्हा अक्कांनी पदर खांद्यावरून घेतला, हात जोडले आणि मला ऐकू येईल इतक्या आवाजात नवस बोलल्या.

"व्यंकटरमणा, हा माणूस घरी येऊ दे. यांच्या वजनाइतका गूळ तुला घालीन. तोवर मी गोड तोंडात घालणार नाही." मग थोडं थांबून, डोळे मिटूनच, पुढे म्हणाल्या, "वजन म्हणजे आत्ताचं नव्हे हं. आत्ता अर्धे झालेत. आजाराआधीच्या सोमवारचं. एकशे बावन्न पौंड."

आकडा का सांगितला, ते मी नंतर विचारलं. "आजारी माणसाच्या वजनावर देवाला कमी पडायला नको," त्या म्हणाल्या. निरीक्षकाची बायको ती. देवाच्या मापात खोट नको म्हणून तिनं आकडा दिला, आणि तोच आकडा पुढचे आठ महिने तिच्या मुळावर आला.

व्यंकटरमणानं आपलं काम चोख केलं. नरसिंहराव तीन आठवड्यांनी घरी आले. पहिल्याच सोमवारी भिंत धरून काट्यावर उभे राहिले. एकशे छत्तीस.

"तुलाभार पुढच्या शुक्रवारी करू," अक्का म्हणाल्या. "बाकीचा गूळ मी वर घालते."

"असं कसं?" नरसिंहराव कॉटवर उठून बसले. "तू देवाला माझं वजन कबूल केलंस, आणि आकडा सांगितलास एकशे बावन्न. पारड्यात एकशे छत्तीसचा माणूस बसला तर दोन्ही गोष्टी खऱ्या कशा होणार? आधी मला एकशे बावन्नचा होऊ दे."

संतोषकुमारनं खिशातून फोन काढला. "अप्पा, एकशे बावन्न म्हणजे अडुसष्ट पॉइंट नऊ किलो. आपण सत्तर किलो गूळ ऑर्डर करू, थेट देवळात पोचेल. राउंड फिगर. विषय संपला."

"गोल आकडा हा चोराचा आकडा," वडील म्हणाले. संतोषकुमारनं फोन परत खिशात ठेवला. लहानपणापासून तो हे ऐकत आला होता.

मग सुरू झाला नरसिंहरावांना एकशे बावन्नला पोचवायचा प्रयोग. अक्कांनी कंबर कसली. होळिगे, शिरा, खीर, केळ्याचं रसायन, तुपातले लाडू. गोडाला हात लावायचा नाही अशी शपथ घेतलेली बाई दिवसभर गोड रांधत होती, आणि चव बघायला मला भिंतीवरून हाक मारत होती. "नीरजाक्का, गूळ बेताचा आहे का बघा." मी बघायचे. माझंही वजन त्या हिवाळ्यात वाढलं, पण ते कुणी देवाला सांगितलेलं नव्हतं. अक्का स्वतः बिनसाखरेची कॉफी घ्यायच्या, तोंड वेडंवाकडं करून.

डिसेंबरच्या चौथ्या सोमवारी न्हाणीघरातून आरोळी आली, "एकशे बावन्न!" अक्का चपला घालून तशाच देवळाकडे निघाल्या. मी सोबत गेले. तिथले अर्चक व्यंकटेश भट्ट समजूतदार माणूस. त्यांनी पंचांग न उघडताच मान हलवली. "अक्का, धनुर्मास लागला. शून्यमास. संक्रांतीपर्यंत असलं काही नाही करत."

अक्का देवळाच्या पायरीवर बसल्या. "तीन आठवडे हे एकशे बावन्नवर थांबतील का हो?" त्यांनी मला विचारलं. जणू पातेल्यातलं दूध उतू न जाता थांबेल का, असं.

थांबले नाहीत. तब्येत एकदा सुधारायला लागली की ती आकडा विचारत नाही. संक्रांतीनंतरच्या सोमवारी आवाज आला, पण आरोळी नव्हती. "एकशे एकसष्ट."

संक्रांतीला आमच्याकडे घरोघरी एळ्ळु-बेल्ल वाटतात, तीळ आणि गूळ. त्या दिवशी अक्कांनी चाळीसएक घरांचं एळ्ळु-बेल्ल हातावर घेतलं आणि प्रत्येक वेळी ते मुठीत ठेवून गोड हसल्या. तोंड गोड करायचा सण, आणि बाई नुसती हसून गोड बोलत होती.

आता नरसिंहराव उलट्या दिशेनं निघाले. पहाटे लालबागेत चार फेऱ्या. सकाळी दोन इडल्या, चटणीशिवाय. रात्रीचं जेवण बंद. ज्या माणसाला देवानं मरणाच्या दारातून परत आणलं, तो माणूस देवाचा हिशोब जुळावा म्हणून उपाशी राहू लागला. अक्का भरल्या ताटाकडे बघत बसायच्या. त्यांना गोड चालत नव्हतं, यांना काहीच चालत नव्हतं. बरं व्हावं म्हणून केलेला नवस, त्यानं दोघांनाही उपवासाला बसवलं होतं. मी रंगभूमीवर पुष्कळ शोकांतिका पाहिल्या, पण त्यांत निदान खलनायक असायचा.

"अण्णा, पुरे आता," मी नरसिंहरावांना एकदा म्हटलं. "गळ्याची हाडं दिसायला लागलीत."

"हाडांचंही वजन असतं, नीरजाबाई. सात पौंड राहिले."

मग उगादी आली. उगादीला कडुनिंबाचा मोहोर आणि गूळ एकत्र खायचा असतो. येणाऱ्या वर्षातलं कडू-गोड दोन्ही सारखं घ्यायचं म्हणून. सकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा देवापुढे वाटी होती. नरसिंहरावांनी चिमूट घेतली, मला दिली. अक्का पुढे झाल्या. त्यांनी वाटीतून गुळाचे कण बाजूला सारले, नुसता कडुनिंब निवडून घेतला आणि शांतपणे चावला. मग पाणीही न पिता तिथंच उभ्या राहिल्या. येणाऱ्या वर्षाचं तेवढं कडू पदरात घेऊन.

नरसिंहराव बघत होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. बोलले ते असं: "दोनच पौंड राहिले, शालन. एकशे चोपन्नवर आलो."

"कशावरून?" अक्का म्हणाल्या.

"काट्यावरून."

"तो काटा खरं बोलतो, कशावरून?"

नरसिंहराव हसले. लहान मुलानं सूर्य कशावरून उगवतो विचारावं, तसे. "अगं, विलायती आहे तो."

"तुम्ही अख्ख्या गावाच्या तराजूवर शिक्के मारलेत. बनशंकरीपासून यशवंतपूरपर्यंत एक दुकान सोडलं नाही. या डब्यावर शिक्का कुणी मारला?"

हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागचा माणूस निघून गेला होता. इतक्या वर्षांत त्या काट्याची एकदाही तपासणी झालेली नव्हती. बाहेर प्रत्येक काटा मुदतीत तपासलाच पाहिजे म्हणून ज्यानं विनवण्या ऐकल्या नाहीत, त्याच्या न्हाणीघराच्या दाराशी बिनशिक्क्याचा काटा उभा होता. अक्कांनी कडुनिंब गिळला आणि आत निघून गेल्या.

नरसिंहरावांनी दुपारीच परसूला फोन केला. हा परसू निपाणीकडचा, जयनगरात तराजू दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याच्या थोरल्या भावाचा काटा एके काळी नरसिंहरावांनी जप्त केला होता, हे त्या दोघांनाही चांगलं आठवत होतं. परसू शिक्क्याची वीस-वीस किलोंची तीन वजनं रिक्षातून घेऊन आला. काटा ओसरीवर सपाट जागी ठेवला. नरसिंहरावांनी चष्मा पुसला. संतोषकुमार सणाला आला होता, तो दाराला टेकून उभा राहिला.

परसूनं तिन्ही वजनं एकावर एक ठेवली. साठ किलो. पौंडात एकशे बत्तीस. काटा डुलला, हेलकावला आणि थांबला एकशे चोवीसवर.

परसूनं वजनं उतरवली, पुन्हा चढवली. एकशे चोवीस.

"साहेब," परसू म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी नम्रता होती की तिला चार आण्यांचा तरी आनंद चिकटला असणार. "स्वल्प कमी दाखवतोय."

"स्वल्प? आठ पौंड!"

"स्प्रिंग दमलीय. किती वर्सं झाली?"

"हवेनं होत असेल," नरसिंहराव म्हणाले. "बेंगळूरची हवा दमट झाली हल्ली. थोडं कमी-जास्त होतंच."

परसूनं मान खाली घातली. "व्हय साहेब. आमचा थोरला भाऊ पण तेच सांगत हुता तुमास्नी."

संतोषकुमारला खोकला आला आणि तो आत गेला. मी माझा पदर तोंडाला लावला. पण नरसिंहरावांचा चेहरा बघून हसू आटलं. ते ओसरीच्या पायरीवर बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून, आणि मनातल्या मनात सगळे सोमवार पुन्हा मोजत होते.

"जप्त कर," ते परसूला म्हणाले.

"साहेब, घरातला काटा. कायदा लागू नाही, तुमीच शिकवलंय. आन् मी कोण जप्त करणार?"

"घरातला कसा? याच्या आकड्यावर देवाशी व्यवहार झालाय." त्यांनी आत हाक मारली. "शालन, फार वाईट झालं. तू देवाला एकशे बावन्न सांगितलंस. मी त्या सोमवारी खरा एकशे साठचा होतो. आठ पौंडांची लबाडी झाली. आता आकडा पाळायचा म्हटलं तर मी आणखी दहा उतरायला हवं, आणि वजन पाळायचं म्हटलं तर..."

अक्का बाहेर आल्या. हात ओले होते, ते त्यांनी पदराला पुसले नाहीत.

"नवस कुणी केला?" त्यांनी विचारलं.

"तू."

"देवाला कोण हवं होतं परत? आकडा, की माणूस?"

"पण तूच आकडा..."

"माझी चूक. इतकी वर्षं तुमच्याबरोबर राहून लागलेली खोड. व्यंकटेश भट्टांना मी सकाळीच फोन केला. पुढच्या शुक्रवारी साडेनऊला. त्यांना मी विचारलं, किती पौंड धरायचे? ते म्हणाले, अक्का, आमच्या तराजूवर आकडाच नाही. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला गूळ. दांडी सरळ झाली की झालं. दोनशे वर्षांत कुणी किती विचारलं नाही."

लोंबण्या-टांगण्यातून आलेला शब्द ज्यानं तीन रविवार घालवून शोधून काढला, त्याला एवढं सुचलं नव्हतं की तोलायला आकडा लागतच नाही. बोलायला लागतो.

"आणि तोवर मी किती..." त्यांनी विचारलं.

"जेवढे असाल तेवढे," अक्का म्हणाल्या. "आत चला. ताट वाढलंय. जेवढं वाढलंय तेवढं खायचं."

त्या दिवशी ते जेवले. मी भिंतीपलीकडून ताटाचा आवाज ऐकला, म्हणून सांगते. परसू काटा दुरुस्तीला घेऊन गेला.

शुक्रवारी संतोषकुमार बेळ्ळंदूरहून सकाळी सहाला निघून वेळेवर पोचला, हाच मोठा चमत्कार. देवळाच्या मंडपात तुळईला साखळदंडांनी लाकडी तराजू टांगलेला असतो. पारडी पाटाएवढी, साखळ्यांना शेवंतीच्या माळा. मंड्याकडचे गुळाचे गोळे केळीच्या पानांवर रचून ठेवले होते. नरसिंहराव नवं धोतर नेसून आले, आणि सवयीनं आधी तराजूची दांडी, कड्या, साखळ्या खालून-वरून बघून घेतल्या. शिक्का शोधत होते. मग अक्कांकडे नजर गेली, आणि ते पारड्यात मांडी घालून बसले. तुलाभाराची पुराणातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ती मी सांगत बसत नाही. इथं पारड्यात देव नव्हता, एक निवृत्त निरीक्षक होता, आणि घाबरलेला होता.

गोळे चढू लागले. पारडं जमिनीवरून सुटलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या. जगाला तोलणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा लोंबत होता. अक्का एकेक गोळा स्वतः उचलून ठेवत होत्या, कुणाला हात लावू देत नव्हत्या. सत्तरीतली बाई, कपाळावर घाम. ते ओठ हलवत होते. मला वाटलं मंत्र म्हणताहेत. जवळ गेले तर, "अठरा, एकोणीस..." गोळे मोजणं चाललं होतं.

दांडी सरळ झाली. घंटा वाजली. "गोविंदा, गोविंदा!" व्यंकटेश भट्टांनी आरती ओवाळली. संतोषकुमारनं फोटो काढला. त्यात नरसिंहराव आपल्याकडे नाही, गुळाच्या पारड्याकडे बघत आहेत.

आरती झाल्यावर ते खाली उतरले, देवाला नमस्कार केला, आणि हळूच मला म्हणाले, "नीरजाबाई, एवढंच करा. भट्टांना सांगा, गूळ सरकवू नका. परसूला बोलावतो. एकदा किलोत बघून घेतो. फक्त माहितीसाठी."

पण मी वळून बघितलं तर पारडं रिकामं होतं. देवळाचे दोन आचारी सगळा गूळ टोपल्यांत घालून मागच्या पाकशाळेत घेऊन गेले होते. शुक्रवारी तिथं तीनशे पानं उठतात. नरसिंहराव धोतर सावरत मागे धावले. शहात्तराव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं. मी मागोमाग. पाकशाळेत मोठ्या हंड्यात मूगडाळ शिजत होती, आणि आचाऱ्यानं आमच्या देखत अर्धी टोपली आत उपडी केली. नरसिंहरावांचं आजाराआधीचं, आजारानंतरचं, खरं-खोटं सगळं वजन रटरटत विरघळत होतं.

"किती घातला?" त्यांनी विचारलं.

आचाऱ्यानं पळी आपटली. "रुचिगे तक्कष्टु," तो कन्नडमध्ये म्हणाला. चवीपुरता.

मग आम्ही पंगतीला बसलो. नरसिंहराव, अक्का, संतोषकुमार, मी. वाढपी बादली घेऊन आला आणि अक्कांच्या पानावर पळीभर त्याच गुळाचं पायस पडलं. त्यांनी गाभाऱ्याच्या दिशेनं बघितलं, मग बोटानं थोडं उचलून तोंडात घातलं. डोळे मिटले. त्यांचा जबडा हलला, थांबला, परत हलला. आम्ही तिघंही आपापलं जेवण सोडून त्यांच्याकडे बघत होतो.

"कसं आहे, अक्का?" मी विचारलं.

त्यांनी बोटानं पान पुसून घेतलं. वाढपी परत आला, त्यांनी मान हलवली नाही, हात आडवा केला नाही. दुसरी पळी पडली. मग तिसरी. चौथ्या वेळी वाढप्यानं बादली खालीच ठेवली आणि कौतुकानं बघत उभा राहिला.

नरसिंहरावांच्या पानावरचा भात थंड झाला होता. ते शेजारच्या पानाकडे बघत होते, भुवया किंचित वर करून, शिक्का मारण्याआधी बघायचे तसे.

"किती झालं, शालन?"

"मोजलं नाही," अक्का म्हणाल्या आणि बोटं चाटली.